दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीची मुलं, स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर मांडून शब्द करण्याचा खेळ) खेळणारे, सकाळी चहाबरोबर वर्डल (पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ) सोडवणारे, पाचवीतल्या मुलाचा अभ्यास घेणारे आईवडील. या सगळ्यांची अडचण एकच असते: अक्षरं समोर आहेत आणि शब्द काही सुचत नाही. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांसाठी शक्यतो रोजच्या ओळखीचे शब्द निवडले आहेत, म्हणजे वाचतानाच स्पेलिंग डोळ्यांसमोर येईल.

"ही अक्षरं असलेले शब्द" म्हणजे नेमके कोणते शब्द?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शोध चुकतो तो बहुतेक वेळा शब्दसाठा कमी म्हणून नाही, तर प्रश्नच नीट ठरवलेला नसतो म्हणून. ए, आर, टी ही तीन अक्षरं घेऊन बघू.

हीच तीन अक्षरं, प्रत्येक एकदाच, एकही उरता कामा नये, असं म्हटलं तर मिळतात आर्ट, रॅट आणि टार. काही अक्षरं उरली तरी चालतील म्हटलं, तर त्यात 'अॅट'सारखे छोटे शब्दही येतात. तीन अक्षरांत याने फारसा फरक पडत नाही, पण सात-आठ अक्षरं असली की यादी भराभर वाढते.

तिन्ही अक्षरं असायलाच हवीत, शिवाय बाकीची कुठलीही चालतील, असं म्हटलं की एकदम मोठं दार उघडतं: वॉटर, मार्केट, ट्रेन, फादर, एअरपोर्ट. तिन्ही अक्षरं सलग आणि याच क्रमाने हवीत असं म्हटलं तर स्टार्ट, पार्टी, कार्टून, स्मार्ट, हार्ट. आणि वापरायची फक्त हीच तीन अक्षरं, पण प्रत्येक कितीही वेळा चालेल, असा नियम असेल तर 'अत्तर' मिळतं. होय, आपलं अत्तर इंग्रजी कोशातही आहे: ए-टी-टी-ए-आर.

दहावीच्या कृतिपत्रिकेतला प्रश्न आणि स्क्रॅबल हे दुसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणजे काही अक्षरं उरली तरी चालतात. वर्डल तिसऱ्या प्रकारात, म्हणजे ठरावीक अक्षरं असायलाच हवीत, बाकी कुठलीही चालतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा स्पेलिंग बी हा खेळ शेवटच्या प्रकारात: सात अक्षरं दिलेली, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरांचा हवा, आणि एकच अक्षर हवं तितक्या वेळा वापरता येतं. शोध सुरू करण्याआधी आपला प्रश्न कुठल्या प्रकारचा आहे हे ठरवा. निम्मं काम तिथेच होतं.

दहावीच्या इंग्रजीत एका मोठ्या शब्दातून चार शब्द काढायला सांगतात. ते पटकन कसे काढायचे?

किमान तीन अक्षरांचे चार शब्द हवे असतात. मुलं दिलेल्या शब्दाकडे डावीकडून उजवीकडे बघत राहतात आणि त्यात सलग लपलेला शब्द शोधतात. तसे एक-दोन सापडतात, मग गाडी अडते. अक्षरांचा क्रम बदलायची मुभा असते, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

'इम्पॉर्टंट' हा शब्द घ्या. नऊ अक्षरं: आय, एम, पी, ओ, आर, टी, ए, एन, टी. सलग बघितलं तर इम्पोर्ट, पोर्ट, अँट, टॅन दिसतात. खरं तर इथेच चार झाले. पण दर वेळी शब्द इतका उदार नसतो, म्हणून पुढची पद्धत हाताशी असू द्या.

कच्च्या पानावर स्वर एका बाजूला लिहा: आय, ओ, ए. व्यंजनं दुसऱ्या बाजूला: एम, पी, आर, एन आणि दोन टी. आता एकेकटं अक्षर बघू नका, जोड्या बघा. इंग्रजीत काही व्यंजनं सुरुवातीला हटकून एकत्र येतात, काही शेवटी. सुरुवातीला टी-आर ठेवा: ट्रिप, ट्रॅप, ट्रिम, ट्रेन, ट्रॅम्प. पी-आर ठेवा: प्रिंट. शेवटी एन-टी ठेवा: मिंट, पिंट, पेंट, पॉइंट. शेवटी आर-टी ठेवा: पार्ट, पोर्ट. मग स्वरांच्या जोड्या घ्या. ए-आयमधून पेन, रेन, मेन निघतात, ते दुखणं, पाऊस आणि मुख्य या अर्थांचे. आय-ओमधून रायट आणि रेशो.

आता सापळा. शेवटी टी-आय-ओ-एन दिसलं की हात शिवशिवतात, कारण इंग्रजीतले हजारो शब्द असे संपतात. पण 'मोशन', 'पोर्शन' आणि 'ऑप्शन' या तिन्हींना दोन ओ लागतात आणि आपल्याकडे एकच आहे. 'नेशन'ला दोन एन लागतात, तेही नाहीत. नेमका 'रेशन' मात्र बसतो: आर-ए आणि पुढे टी-आय-ओ-एन. गुण जातात ते असल्याच जागी, दिलेलं अक्षर एकदाच असताना दोनदा वापरल्यामुळे. शब्द लिहून झाला की मूळ शब्दातलं एकेक अक्षर पेन्सिलीने खोडत जा. खोडायला अक्षर उरलं नाही तर शब्द बाद.

आणखी दोन गोष्टी. माणसांची आणि गावांची नावं लिहू नका. आणि परीक्षेत सात अक्षरी शब्दाच्या मागे धावू नका, स्पेलिंगची खात्री असलेले तीन-चार अक्षरी शब्द लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळा.

शिष्यवृत्ती परीक्षेतल्या उलटसुलट अक्षरांच्या प्रश्नाला हीच पद्धत चालते का?

चालते, पण तिथे सगळी अक्षरं वापरायची असतात, त्यामुळे काम उलट सोपं असतं. आधी शेवट ठरवा. आय-एन-जी, ई-आर, ई-डी, एल-वाय, टी-आय-ओ-एन यांपैकी काही तयार होतंय का बघा आणि ते बाजूला काढा. जे उरतं ते बहुधा ओळखीचं असतं. क्यू दिसला की यू त्याच्या शेजारी ठेवा. सी आणि के दोन्ही असतील तर ते जोडून बघा, टी आणि एच असतील तर तेही. अक्षरं ओळीत लिहिण्याऐवजी गोलात लिहिली तर दिलेल्या क्रमाचा पगडा सुटतो. ही साधी युक्ती लहान मुलांना फार उपयोगी पडते.

कुठली शब्दयादी वापरावी? दोन ठिकाणी वेगवेगळी उत्तरं का येतात?

कारण 'इंग्रजीतले सगळे शब्द' अशी एकच यादी अस्तित्वात नाही. प्रत्येक यादी कुणीतरी, कशासाठी तरी बनवलेली असते.

स्क्रॅबलच्या स्पर्धांसाठी जगात बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या कोशप्रकाशकाची यादी चालते. तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत. अमेरिका आणि कॅनडात वेगळी, याहून लहान यादी वापरतात. त्यामुळे लंडनमध्ये चालणारा शब्द न्यूयॉर्कमध्ये बाद होऊ शकतो. 'एनेबल' नावाची एक यादी कुणालाही मोफत वापरता येते, तिच्यात सुमारे 1,73,000 शब्द आहेत आणि अनेक मोबाइल खेळ तिच्यावर उभे आहेत.

मॅक संगणकात एक शब्दयादी आधीपासूनच असते. तिच्यात सुमारे 2,35,000 शब्द आहेत, पण ती 1934 च्या वेबस्टर कोशावरून घेतलेली आहे. तिच्यात जुने, अडगळीत गेलेले शब्द भरपूर सापडतील, 'इंटरनेट' सापडणार नाही. शिवाय साधी अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं तिच्यात बहुतांशी नाहीत. नवशिका प्रोग्रॅमर हीच यादी उचलतो आणि आपला प्रोग्रॅम 'बुक्स' का शोधत नाही म्हणून डोकं धरून बसतो. दोष प्रोग्रॅमचा नसतो, यादीचा असतो.

शिकणाऱ्याने तीन लाखांच्या यादीच्या वाटेला जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. त्यातले बहुसंख्य शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसालाही ठाऊक नसतात. शाळेतल्या मुलासाठी चार-पाच हजार नेहमीच्या शब्दांची यादी कितीतरी जास्त कामाची.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचा काही फरक पडतो का?

पडतो. पाचही स्वर असलेला शब्द शोधताना हे छान दिसतं. आपण शाळेत शिकतो त्या ब्रिटिश स्पेलिंगप्रमाणे 'फेव्हरिट' या शब्दात ए, ओ, यू, आय, ई असे पाचही स्वर आहेत. अमेरिकेत त्यातला यू गळतो आणि शब्द यादीबाहेर जातो. 'बिहेवियर'चंही तसंच. महाराष्ट्रात शाळा ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, पण फोनवरचे बरेच खेळ अमेरिकेतून येतात. 'कलर' यू घालून लिहिला आणि खेळाने नाकारला, तर आधी हे तपासा.

पाचही स्वर असलेले आणखी शब्द कोणते? आणि एकही स्वर नसलेले?

पाचही स्वर असलेल्यांत आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे 'एज्युकेशन'. त्याच रांगेत 'इक्वेशन', 'डायलॉग' आणि भाजीवाल्याकडचा 'कॉलिफ्लॉवर'. डायलॉगचं स्पेलिंग इथे शेवटी यू-ई असलेलं घ्यायचं. त्यांहून आटोपशीर 'सिक्वोया', कॅलिफोर्नियातल्या प्रचंड वृक्षांचं नाव. सातच अक्षरं आणि त्यात पाचही स्वर. ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने स्वर हवे असतील तर 'फसीशस' आणि 'अॅबस्टीमियस' हे दोन शब्द प्रसिद्ध आहेत. पहिल्याचा अर्थ नको तिथे थट्टा करणारा, दुसऱ्याचा खाण्यापिण्यात संयमी.

स्वर नसलेल्या शब्दांत बहुधा वायच स्वराचं काम करतो: रिदम, मिथ, लिंक्स, निम्फ, जिप्सी. वायही नको असेल तर वेल्श भाषेतून आलेला 'कूम' आहे, दरी या अर्थाचा, सी-डब्ल्यू-एम असा लिहिलेला. तिथे डब्ल्यू स्वराचं काम करतो.

क्यू आहे पण यू नाही. काय करू?

स्क्रॅबल खेळणाऱ्यांचा हा सगळ्यात जुना घोर. पाठ करायचा पहिला शब्द 'ची': क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती. दोनच अक्षरं, आणि क्यूचे दहा गुण पदरात.

यानंतर आपल्याला एक फायदा आहे. यू नसलेले क्यूचे बरेच शब्द अरबी-फारसीतून इंग्रजीत गेले आहेत आणि त्यांतले कितीतरी मराठी माणसाच्या कानावर असतात: फकीर, तलाक, नकाब, कव्वाली. चारही कॉलिन्सच्या यादीत क्यू घालून आहेत. नकाबमध्ये एनच्या पुढे आय येतो, एवढं लक्षात ठेवा. लंडनच्या खेळाडूला हे शब्द घोकावे लागतात, आपल्याला फक्त स्पेलिंग लक्षात ठेवायचं.

आपल्याकडचे आणखी कुठले शब्द इंग्रजी याद्यांत चालतात?

लाख, कोटीसाठी 'क्रोर', घी, रोटी, धोती, तबला, साडीसाठी 'सारी', आणि 'घेराव'सुद्धा. 'लाख'चं स्पेलिंग एल-ए-के-एच. शेवटी के-एच असे शब्द इंग्रजीत थोडेच, म्हणून ही दोन अक्षरं हातात अडकली की तो देवासारखा धावून येतो. घेरावच्या स्पेलिंगात शेवटी व्ही नाही, ओ आहे.

संकेतस्थळावर प्रश्नचिन्ह आणि तारा टाकायला सांगतात, ते कशासाठी?

प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. तारा म्हणजे कितीही अक्षरं, अगदी एकही नसलं तरी चालेल. वनलुकसारख्या कोशशोधात आणि एक्सेलमध्येही हाच संकेत आहे. शब्दकोड्यात पाच घरं आहेत, पहिलं बी आणि चौथं ए आलंय, तर बी, दोन प्रश्नचिन्हं, ए, एक प्रश्नचिन्ह असं लिहायचं. 'ब्रेड' मिळेल, 'ब्रेक'ही मिळेल.

शेवट माहीत असेल तर आधी तारा आणि मग शेवट. जी-आर-वाय ने संपणारे शब्द सांगा, असं एक कोडं इंग्रजीत अनेक वर्षं फिरतंय. तारा लावून शोधा: नेहमीच्या वापरातले दोनच निघतात, अँग्री आणि हंग्री. तिसरा शोधण्यात लोकांनी रात्री घालवल्या आहेत.

मात्र तारा क्रम पाळतो. ए-तारा-टी म्हटलं की टी नंतरच यायला हवा. अक्षरं कुठेही चालत असतील तर ताऱ्याने भागणार नाही, पुढचं उत्तर वाचा.

माझ्याकडे शब्दयादी आहे. एक्सेलमध्ये किंवा संगणकावर स्वतः कसं शोधू?

एक्सेलमध्ये एका स्तंभात यादी चिकटवा. तीन लाख ओळी सहज मावतात. गाळणीत 'कंटेन्स' निवडून एक अक्षर द्या, 'अँड' निवडून दुसरं. दोन अक्षरांपर्यंत काम भागतं. जास्त अक्षरं असतील तर शेजारच्या स्तंभांत 'सर्च' फंक्शन वापरा. अक्षर सापडलं तर ते जागेचा आकडा देतं, नाही सापडलं तर चूक दाखवतं. ते 'इजनंबर'मध्ये गुंडाळलं की सरळ हो किंवा नाही असं उत्तर मिळतं, आणि सगळी 'हो' असलेल्या ओळी गाळून घेता येतात.

तेच अक्षर दोनदा हवं असेल तर 'सर्च'ने कळत नाही. तिथे शब्दाची लांबी मोजायची, 'सब्स्टिट्यूट'ने ते अक्षर काढून टाकून पुन्हा लांबी मोजायची, आणि वजाबाकी करायची. उत्तर दोन किंवा जास्त आलं की शब्द आपला. सब्स्टिट्यूट लहान आणि मोठ्या लिपीत भेद करतं, म्हणून आधी सगळी यादी लहान लिपीत आणा.

लिनक्स किंवा मॅकवर 'ग्रेप' (जी-आर-ई-पी) ही हव्या त्या ओळी वेचून देणारी आज्ञा याहून सोपी. एका अक्षरासाठी एक ग्रेप, आणि दोन ग्रेपच्या मध्ये उभी रेघ. पहिल्याने ए असलेले शब्द काढायचे, ते दुसऱ्याकडे द्यायचे, त्याने आर असलेले ठेवायचे, ते तिसऱ्याकडे. लांबलचक नमुना एकाच आज्ञेत रचण्यापेक्षा ही साखळी वाचायला सोपी आणि चुकायला अवघड.

संकेतस्थळं क्षणात उत्तर कशी देतात? सगळे क्रम लावून बघतात का?

नाही, आणि त्यामागची युक्ती इतकी सुंदर आहे की ती सवडीने सांगितली पाहिजे.

सात वेगवेगळी अक्षरं असतील तर सातही वापरून 5,040 क्रम होतात. कमी अक्षरांचे क्रमही धरले तर 13,699. नऊ वेगवेगळी अक्षरं झाली की नुसते नऊ अक्षरी क्रमच 3,62,880. एवढं सगळं लिहून प्रत्येक कोशात शोधणं म्हणजे शुद्ध हमाली.

त्याऐवजी उलट बाजूने जायचं. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच ए ते झेड क्रमाने लावून ठेवायची. 'लिसन' घ्या. क्रमाने लावला की होतो ई-आय-एल-एन-एस-टी. आता 'सायलेंट' घ्या, तोही ई-आय-एल-एन-एस-टी. 'एनलिस्ट', 'टिन्सेल' आणि 'इनलेट्स'चंही तेच. पाच शब्द, एकाच पत्त्यावर राहणारी भावंडं. तुम्ही अक्षरं कुठल्याही क्रमाने द्या, संगणक ती आधी ए ते झेड लावतो आणि थेट त्या पत्त्यावर जातो. एकही क्रम लावून बघावा लागत नाही. या क्रमवार रूपाला स्क्रॅबल खेळणारे अल्फाग्रॅम म्हणतात. अक्षरं उरली तरी चालतील असं असेल, तर सात अक्षरांचे लहानमोठे गट फक्त 127 होतात. तेवढे पत्ते तपासले की झालं. 13,699 च्या जागी 127.

अक्षरं असायलाच हवीत, बाकी कुठलीही चालतील, या प्रकारासाठी वेगळी सोय. प्रत्येक शब्दाजवळ 26 खुणा ठेवायच्या, अक्षर असेल तर एक, नसेल तर शून्य. तुमच्या अक्षरांच्याही अशाच 26 खुणा. दोन्ही एकमेकांवर ठेवून संगणक एका झटक्यात पडताळतो. तीन लाख शब्दांना डोळ्याचं पातं लवायच्या आत फेरी पूर्ण होते.

स्क्रॅबल खेळणारा प्रोग्रॅम लिहायचा तर याच्याही पुढे जावं लागतं, कारण पटावर आधीच अक्षरं मांडलेली असतात. 1988 मध्ये अँड्र्यू अपेल आणि गाय जेकबसन यांनी यासाठी सगळा कोश एका जाळ्यात बसवला. त्यात सारखी सुरुवात आणि सारखा शेवट असलेले शब्द एकाच वाटेने जातात. आजही या विषयात शिरणारा विद्यार्थी तिथून सुरुवात करतो.

स्क्रॅबलमध्ये सातही अक्षरं वापरता यावीत म्हणून कशी तयारी करू?

सातही टाइल एका खेळीत लावल्या की 50 गुण जादा मिळतात, म्हणून हा प्रश्न सतत येतो. उत्तर आहे: योग्य सहा अक्षरं हातात सांभाळायची.

'रेटिना' हा शब्द बघा: आर-ई-टी-आय-एन-ए. त्यात सी मिळवला की 'सर्टन'. डी मिळवला की प्रशिक्षित या अर्थाचा 'ट्रेन्ड'. जी मिळवला की 'ग्रॅनाइट'. पी मिळवला की 'पेंटर'. एल मिळवला की 'रिलायंट', एम मिळवला की 'मिनारेट', आणखी एक ई आला की 'ट्रेनी'. एस आला तर अर्धा डझनाहून जास्त पर्याय, त्यांत 'रिटेन्स' आणि 'नॅस्टियर' हे सोपे. म्हणजे ही सहा अक्षरं हातात असली की पिशवीतून येणारी कितीतरी अक्षरं तुमच्या कामाची. मी रोज असं एक सहा अक्षरी रूप घेऊन त्यात ए ते झेड एकेक मिळवून बघायला सांगतो. याद्या घोकण्यापेक्षा हे डोक्यात पक्कं बसतं.

हा खेळ बनवणारे आल्फ्रेड बट्स अमेरिकेतले वास्तुविशारद होते. 1930 च्या दशकात मंदीने काम गेलेलं असताना त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली आणि त्यावरून किती टाइल ठेवायच्या ते ठरवलं. 100 टाइलमध्ये ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, पण जे, क्यू, एक्स, झेड एकेकच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दामागे एस लावून अनेकवचनं करत बसला असता. म्हणून एस आणि कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या कोऱ्या टाइल किरकोळ गुणांसाठी खर्च करू नका.

दोन अक्षरी शब्द पाठ करणं हा दुसरा पाया. कॉलिन्समध्ये ते सव्वाशेच्या आसपास आहेत, अमेरिकन यादीत शंभराहून थोडे जास्त. एवढे महिनाभरात होतात आणि खेळ पार बदलतो.

वर्डलसाठी असा शोध कसा लावायचा?

जॉश वॉर्डल यांचा हा खेळ ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतला. पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षरांना रंग मिळतो: हिरवा म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, राखाडी म्हणजे अक्षर शब्दात नाही.

पिवळं अक्षर दोन गोष्टी सांगतं: ते शब्दात आहे, आणि या जागी नाही. लोक पहिली लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात. शोधयंत्रात अक्षर 'असलेलं' म्हणून घाला आणि ती जागा वगळाही. तुमच्या शब्दात एकच अक्षर दोनदा असेल आणि एक रंगीत, दुसरं राखाडी आलं, तर उत्तरात ते एकदाच आहे. ते अक्षर सरसकट 'नसलेल्या' यादीत टाकलं तर खरा उत्तरशब्दच गाळला जाईल.

शोधयंत्र वापरणं ही फसवणूक नाही का?

समोर माणूस बसून डाव चालू असेल तर होय, निःसंशय. डाव संपल्यावर आपण काय चुकवलं ते बघायला वापरलं तर तो अभ्यास आहे, आणि चांगले खेळाडू तेच करतात. मुलाला गृहपाठ करून देण्यासाठी आईवडिलांनी वापरू नये. मुलाने आधी स्वतः शब्द काढावेत, मग दोघांनी मिळून यादी उघडून सुटलेले शब्द बघावेत. या क्रमाने केलं की मुलं पुढच्या वेळी ते शब्द आपणहून काढतात.

शब्द यादीत आहे, पण अर्थ माहीत नाही. लिहावा का?

खेळात लिहा. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद जिंकलं, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. त्यांनी फ्रेंच शब्दयादी पाठ केली होती. परीक्षेत मात्र अर्थ आणि स्पेलिंग दोन्ही माहीत असलेलेच शब्द लिहा. आणि इंग्रजी शिकण्यासाठी हे करत असाल तर सापडलेल्यांपैकी दोन नवे शब्द निवडून त्यांची वाक्यं करा.

मराठी शब्दांसाठी अशी सोय का दिसत नाही?

कारण आधी 'अक्षर' कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. 'पुस्तक' शब्दकोड्यात तीन घरं घेतो: पु, स्त, क. संगणकात मात्र तो सहा चिन्हांचा असतो: प, उकार, स, हलन्त, त, क. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मराठीवर तसाच चालवला तर तो उकार आणि हलन्त सुटे करून भलतीकडे जोडतो आणि 'क'च्या शोधात 'की', 'कु', 'क्त' सगळं एकत्र ओढून आणतो. शब्द आधी घरांमध्ये तोडायचा आणि मग शोधायचा, असा उपाय आहे आणि तो अवघडही नाही. मराठीतली विभक्तीची रूपं कुठली धरायची, कुठली सोडायची, हे ठरवणं त्याहून कठीण: घर, घरी, घराला, घरातून, घरच्यांनी. चांगली, मोकळी मराठी शब्दयादी ही खरी गरज आहे आणि संगणक शिकणाऱ्या मराठी मुलांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

लहान मुलांबरोबर सुरुवात कशी करावी?

पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर अक्षरं लिहा. ई सहा, ए, आय, ओ, एन, आर, टी प्रत्येकी चार, बाकीची दोन-दोन, क्यू, जे, एक्स, झेड एकेक. सात चौकोन उचलायचे आणि त्यांतून तीन अक्षरी शब्द करायचे. पहिले काही दिवस घड्याळ लावू नका आणि गुण मोजू नका. ए-टी हे दोन चौकोन टेबलावर कायम ठेवा आणि पुढे एकेक अक्षर लावायला सांगा: बॅट, कॅट, हॅट, मॅट, रॅट. ते जमलं की आय-एन, मग ए-आर. पुढे दोन व्यंजनं एकत्र लावायला सांगितलं की बॅटवरून फ्लॅटवर आणि कारवरून स्टारवर मुलं आपोआप पोचतात.